शिंकांचा हंगाम



ठरलेले काम मध्येच बिनसले म्हणजे आपण विचारतो, "कुठे माशी शिंकली?" माशीला शिंक येते किंवा कसे, हे प्राणिशास्त्रज्ञ जाणोत, पण माणसाच्या शिंकेला आपल्या समाजात मोठा मान आहे खरा. बोलता बोलता कोणी शिंकले की बोलणे सत्य ठरते. उंबरा ओलांडताना कोणी शिंकले की निघालेला गृहस्थ परत फिरून घोटभर पाणी पितो. आमच्या लहानपणी वाड्यातील वृद्ध मंडळी चिमूटभर तपकीर ओढून मुद्दाम शिंका काढीत आणि मग "हं, आता डोके हलके झाले" असे म्हणत. अशा या शिंकेचा इतिहास सांगावयास आम्ही उभे आहोत. रायगड-पानिपत ऐकण्याच्या अपेक्षेने जे आले असतील त्यांनी आम्हांस क्षमा करावी. मात्र हा इतिहास सातारा-सांगलीच्या मातीशी किती जखडलेला आहे हे कळल्यावर त्यांचीही तक्रार राहणार नाही, असे वाटते.

ज्या शिंकेविषयी आम्ही बोलणार आहोत ती एकटीदुकटी येत नाही. ती सकाळी उठल्याबरोबर दहा-पंधराच्या माळेने येते. नाकातून पाणी गळते, टाळूला आणि कानाच्या आत खाज सुटते, डोळे लाल होऊन चोळावेसे वाटतात. ताप नसतो, अंग मोडून येत नाही. मुख्य खूण अशी की, हे सारे दरवर्षी ठरावीक दिवसांत येते आणि ठरावीक दिवसांत जाते. पडशाविषयी आपल्याकडे म्हणतात की औषध घेतले तर ते सात दिवसांत बरे होते आणि न घेतले तर आठवड्यात. हे दुखणे त्या हिशेबात बसत नाही. गणपती येण्याच्या सुमारास सुरू झाले तर दिवाळीपर्यंत सोबत करते. तरीही घरोघर त्याला पडसेच म्हणतात. इंग्रजीत त्याचे नाव 'हे फीव्हर', म्हणजे वाळल्या गवताचा ताप. गंमत अशी की त्याचा वाळल्या गवताशी संबंध थोडा आणि तापाशी तर मुळीच नाही. आम्ही त्याला परागज्वर म्हणू. त्यातला 'ज्वर' खोटा आहे हे ठाऊक असूनही म्हणू, कारण रूढ नावाशी भांडण्यात अर्थ नसतो.

आपल्या पूर्वजांना हे दुखणे माहीत होते काय? असा प्रश्न निघाला की आपल्यापैकी काहींना सारे काही वेदांत असल्याचा साक्षात्कार होतो, तर काहींना आपल्याकडे काहीच नव्हते असे वाटते. दोन्ही टोके सोडून ग्रंथ उघडावेत, हे बरे. चरकसंहितेत प्रतिश्यायाची, म्हणजे पडशाची, जी कारणे दिली आहेत त्यांत धूळ आहे, ऋतूंचे वैषम्य आहे, वेग अडविणे आहे, अजीर्ण आहे, क्रोध आहे आणि फार बोलणेही आहे. (या शेवटच्या कारणाची व्याख्यात्यांनी नोंद घ्यावी.) सुश्रुताने तर नाकाचे रोग एकतीस मोजले आणि शिंकेला त्यांत स्वतंत्र जागा दिली. पण आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो सुश्रुताच्या सूत्रस्थानातला, ऋतुचर्येच्या अध्यायातला उल्लेख. विषारी वनस्पतींच्या फुलांचा गंध वाऱ्याने ज्या प्रदेशावर येतो, तेथील माणसे प्रकृती कोणतीही असली तरी खोकला, दमा, ओकारी, पडसे, डोकेदुखी आणि ताप यांनी पिडली जातात, असे त्याने म्हटले आहे. हा परागज्वर नव्हे. यात सारा प्रदेश एकदम आजारी पडतो; परागज्वरात एकाच ओसरीवर बसलेल्या चार भावांपैकी एक शिंकतो आणि तिघे त्याला हसतात. तरीसुद्धा फूल, वारा आणि नाक या तिघांना एका सूत्रात ओवण्याची कल्पना येथे आहे. दहाव्या शतकाच्या आरंभी होऊन गेलेल्या राझी नावाच्या इराणी वैद्याने, वसंतात गुलाब फुलले की एका विद्वानाला पडसे का होते, यावर एक छोटा ग्रंथच लिहिला होता. म्हणजे निरीक्षण जुने आहे. कमी होता तो पुरावा.

पुरावा गोळा करण्याची गोष्ट लंडनमध्ये सुरू होते. जॉन बोस्टॉक या डॉक्टराला आठव्या वर्षापासून दर उन्हाळ्यात हा त्रास होई. 1819 साली, वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी, त्याने वैद्यांच्या सभेत एका रोग्याची हकीकत वाचली. तो रोगी तो स्वतःच होता. रक्त काढणे, गार पाण्याचे स्नान, अफू असे सारे उपाय त्याने स्वतःवर करून पाहिले होते. गुण कशाचाच नव्हता. आपल्यासारखे आणखी रोगी शोधण्यात त्याची नऊ वर्षे गेली, आणि सापडले किती, तर अठ्ठावीस! 1828 साली त्याने दुसरा निबंध प्रसिद्ध केला. गवताचा यात काही दोष आहे हे लोकांचे म्हणणे त्याला पटत नव्हते. त्याच्या मते दोष उन्हाचा होता. तो उन्हाळ्यात समुद्रकाठी एका कड्यावरच्या घरात जाऊन राही आणि तेथे त्याला बरे वाटे. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात पराग नसतात म्हणून बरे वाटते, हे मात्र त्याच्या ध्यानी आले नाही. उपाय बरोबर आणि कारण चूक, असे वैद्यकात पुष्कळदा घडते.

याच 1828-29 च्या सुमारास मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कम आपल्या सह्याद्रीवर हवा खाण्याची जागा शोधीत होता. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांच्याशी 1829 साली करार होऊन, वाईकडील खंडाळ्याच्या बदल्यात महाबळेश्वर इंग्रजांकडे गेले. माल्कमच्या आणि बोस्टॉकच्या मनात एकच समजूत होती, की रोग हवेत असतो आणि हवा बदलली की तो जातो. पुढे पाचगणीला क्षयरोग्यांची आरोग्यधामे उभी राहिली तीही याच विश्वासावर. परागज्वराच्या बाबतीत या समजुतीतले अर्धे खरे आहे. हवा बदलून गुण येतो, पण ज्या झाडाचा पराग बाधतो ते झाड नव्या ठिकाणी नसेल तरच. ज्याला गवताचा पराग बाधतो त्याने भाद्रपदात पाचगणीच्या पठारावर हवा खावयास जाणे म्हणजे मधुमेह्याने पेढे खाण्यास साताऱ्यास येणे होय.

खरा शोध मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकलीचा. तोही रोगीच. घरातल्या मुलाने आणून ठेवलेला गवताचा वाळका तुरा हलविताच त्याला शिंकांचा झटका आला, आणि तेथून त्याने पंधरा वर्षे हा एकच ध्यास घेतला. निरनिराळ्या वनस्पतींचे पराग तो स्वतःच्या नाकात ओढी. दंडावर ओरखडा काढून त्यावर ओला पराग लावी आणि उठलेली गांधी मोजी. आज डॉक्टर त्वचेची जी चाचणी करतात तिचे हे मूळ. चिकट द्रव लावलेल्या काचा पतंगाला बांधून त्याने हजार फुटांवर चढविल्या आणि तेथेही पराग असतात हे दाखविले. आपल्याकडे पतंग उडविणाऱ्या पोरांना अभ्यास सोडून उनाडपणा करता म्हणून मार बसतो. ब्लॅकलीने त्याच पतंगाने रोगाचे कारण खाली उतरविले. त्याचा ग्रंथ 1873 साली निघाला. त्याच वर्षी कलकत्त्यास डी. डी. कनिंगहॅम या डॉक्टराने हवेच्या सूक्ष्मदर्शक तपासणीचे पुस्तक प्रसिद्ध केले. तुरुंगांच्या आवारातील हवा काचेवर धरून तिच्यातील पराग आणि बुरशीचे कण त्याने पाहिले. त्याला शोध होता पटकीच्या आणि तापाच्या कारणाचा, आणि या कणांशी त्या रोगांचा काही संबंध दिसत नाही असे त्याने प्रामाणिकपणे लिहून टाकले. शिंकांचा प्रश्न त्याने विचारला नव्हता. त्यामुळे हिंदुस्थानच्या हवेत काय काय तरंगते हे 1873 सालीच कळले, पण ते कोणाला बाधते याचा पद्धतशीर तपास दिल्लीच्या वल्लभभाई पटेल छाती-रोग संस्थेत डॉ. शिवपुरी यांच्यासारख्यांनी हाती घेईपर्यंत स्वातंत्र्य यावे लागले.

ब्लॅकलीने एक कोडे नोंदविले आहे. हा रोग पाद्री, डॉक्टर, वकील अशा शिकल्यासवरल्यांत दिसतो. ज्याच्या अंगावर दिवसभर पराग उडतो त्या शेतकऱ्यात क्वचितच दिसतो. पुढे विलायतेत आणि अमेरिकेत परागज्वर हा सुशिक्षितपणाचा जणू दाखलाच ठरला, आणि मंडळी शिंकण्याच्या मोसमात डोंगरावरच्या हॉटेलांत जाऊन राहू लागली. हे कोडे श्रोत्यांनी ध्यानात ठेवावे. आपल्या जिल्ह्यांत आले की ते उलटे होते.

आता हा पराग बाधतो म्हणजे नेमके काय करतो, ते थोडक्यात सांगतो. 'ॲलर्जी' हा शब्द व्हिएन्नाच्या पिर्के याने 1906 साली घडविला. परिभाषाकोशात तिला 'अधिहर्षता' म्हटले आहे. आमच्या आजीचा शब्द 'वावडे' हा त्याहून सोपा आणि नेमका आहे. एखाद्याला वांग्याचे वावडे, तसे एखाद्याला परागाचे. पराग हा निरुपद्रवी कण. पण काहींचे शरीर त्याला शत्रू समजते आणि त्याच्यासाठी खास पहारेकरी तयार करते. हे पहारेकरी नाकाच्या अस्तरातील पेशींवर ठाण मांडतात. पराग पुन्हा आला की त्या पेशी फुटल्यासारख्या होऊन हिस्टामाइन नावाचे द्रव्य सोडतात. त्याने खाज सुटते, पाणी येते, सूज चढते. चोर नसताना गावभर दिवटी पेटविणाऱ्या जागल्यासारखा हा प्रकार आहे. नुकसान चोराने होत नाही, दिवटीने होते. पहारेकऱ्यांची ओळख 1966-67 साली अमेरिकेत इशिझाका दांपत्याने आणि स्वीडनमध्ये योहान्सन व बेन्निश यांनी पटविली.

कृष्णाकाठी पराग कोणाचे? पहिला पाऊस ओसरला की डोंगरउतारावरचे गवत फुलोऱ्यावर येते. मार्गशीर्षात उसाला तुरे फुटतात. माघ-फाल्गुनात रस्त्याकडेचा वावळ पाने गाळून फुलतो. त्याची फुले कोणाच्या नजरेस भरत नाहीत, पण नाकाला कळतात. हे आपले जुने शेजारी. परंतु गेल्या सत्तर वर्षांत या शेजाऱ्यांत एक नवा बिऱ्हाडकरू आला आणि पाहता पाहता त्याने साऱ्या वाड्याचा ताबा घेतला. त्याचे नाव गाजर गवत.

गाजर गवत हे गाजर नव्हे आणि गवतही नव्हे. ते सूर्यफूल-शेवंतीच्या कुळातले झुडूप आहे. मूळ देश मेक्सिको आणि भोवतालचा अमेरिकेचा प्रदेश. शास्त्रीय नाव पार्थेनियम हिस्टेरोफोरस. पुण्यास वनस्पती सर्वेक्षण खात्यातील आर. एस. राव यांना ते उकिरड्याच्या कडेला उगवलेले दिसले, आणि मुंबईच्या निसर्ग-इतिहास संस्थेच्या नियतकालिकात 1956 साली त्यांनी त्याची नोंद दिली. त्या वेळी सांगली हा जिल्हा 'दक्षिण सातारा' या नावाने ओळखला जात होता. 1949 साली साताऱ्यापासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याला सांगली हे नाव मिळाले 1960 साली. म्हणजे जिल्ह्याने नाव बदलण्यापूर्वीच पाहुणा पुण्यापर्यंत येऊन पोहोचला होता.

तो आला कसा, याची कथा सर्वांना पाठ आहे. पी.एल. 480 खाली अमेरिकेने गहू दिला, त्यात हे बी आले. आम्हीही ती कित्येकदा सांगितली आहे. परंतु तारखा पाहू लागल्यावर आमची पंचाईत झाली. त्या कायद्याखाली भारताचा पहिला करार झाला 1956 च्या ऑगस्टमध्ये. रावांची पाहणी त्याच्या आधीची. तेव्हा हा आरोप जसाच्या तसा टिकत नाही. गव्हातून बी आले असल्यास ते 1951 साली मिळालेल्या कर्जाऊ गव्हातून किंवा अन्य आयातीतून आले असले पाहिजे. आणि पुढच्या गव्हाने त्यात भर घातली असेल. इतकेच नव्हे, तर कलकत्त्याच्या वनस्पती-उद्यानातील झाडांची रॉक्सबर्गची जी यादी 1814 साली छापली गेली तीतही हे नाव आढळते. म्हणजे बागेत ते सुमारे एकशे चाळीस वर्षे आधी येऊन गेले होते. मोकाट सुटले ते मात्र पुण्यापासून. लोकांनी त्याला 'काँग्रेस गवत' म्हटले. कोणी म्हणतात पांढऱ्या टोपीसारख्या फुलांमुळे, कोणी म्हणतात त्या राज्यात आले म्हणून. आम्ही या वादात पडत नाही. कोणाला काय दिसते ते त्याच्या मतपेटीवर अवलंबून आहे. 'चटक चांदणी' हे त्याचे तिसरे नाव फार सुंदर आहे. एवढे सुंदर नाव एवढ्या उपद्रवी झाडाला कोणी दिले असेल, याचे आम्हांस नेहमी नवल वाटते.

या झाडाचे सामर्थ्य त्याच्या घाईत आहे. उगवल्यापासून चार-सहा आठवड्यांत ते फुलते. एका झाडाला हजारो बिया येतात. एका झाडावरचे पराग बंगळूरच्या अभ्यासकांनी मोजले ते साठ कोटींहून अधिक भरले. पावसावर ते येतेच. पण पाट आणि कालवा असेल तर बारा महिने येते. माण-खटाव, जत-आटपाडी हे एके काळचे कोरडे तालुके. तेथे पाणी गेले ही आनंदाची गोष्ट, पण पाटाच्या कडेने हाही गेला. गुरे त्याला तोंड लावीत नाहीत. त्यामुळे इतर गवत चरून जाते आणि हे उभे राहते. ओसाड गावठाण, रेल्वेची कड, शाळेचे मैदान, साखर कारखान्याचा ऊसगाड्यांचा तळ, कोठेही पाहा.

आणि ते दोन वाटांनी बाधते, हे नीट समजून घेतले पाहिजे. त्याच्या पानांवरील बारीक लवेत पार्थेनिन नावाचे विष असते. ते कातडीला लागून, किंवा वाळलेल्या झाडाची धूळ उडून, मानेवर, पापण्यांवर, हातांच्या लवणांत इसब उठते. पुण्याच्या डॉ. लोणकर यांनी परदेशी सहकाऱ्यांसह 1974 साली हा रोग सविस्तर वर्णन केला. दुसरी वाट नाकाची. त्याचा पराग श्वासातून गेला की शिंका, पाणी, डोळ्यांची आग. बंगळूरच्या अभ्यासकांनी 1991 साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, नाकाच्या वावड्याने त्रस्त असलेल्यांपैकी चौतीस टक्के रोग्यांची त्वचा या परागाच्या अर्काला प्रतिसाद देणारी आढळली. इसब सावकाश, दोन-तीन दिवसांनी उठते; शिंक मात्र मिनिटांत येते. शरीरातले दोन वेगळे व्यवहार आहेत हे. म्हणून शिंकेवर चालणारी गोळी इसबावर फारशी चालत नाही, आणि "त्याच गोळीने शेजाऱ्याला गुण आला, मला का नाही?" या प्रश्नाचे उत्तर येथे आहे.

आता ब्लॅकलीचे कोडे आठवा. त्याच्या देशात हा रोग दिवाणखान्यातला होता. आमच्याकडे तो भांगलणीला बसलेल्या बाईचा आहे, पाटकऱ्याचा आहे, रस्त्याच्या कडेला टपरी टाकलेल्या माणसाचा आहे. दिवाणखान्यातला रोगी डॉक्टरकडे जातो आणि त्याच्या रोगावर निबंध लिहिले जातात. बांधावरची बाई पदराने नाक पुसते आणि पुढची ओळ धरते. रोजंदारी बुडवून पडशासाठी दवाखान्यात कोण जाईल? गेली तरी तिला कोणी विचारीत नाही की हे दर वर्षी याच महिन्यात होते काय. एवढा एकच प्रश्न विचारला तर निम्मे निदान होते.

आमची स्वतःची कथा यापेक्षा वेगळी नाही. अडुळशाचा काढा झाला, ओव्याची पुरचुंडी झाली, सांगलीच्या हळदीचे दूध झाले. घशाला ऊब मिळाली, आईच्या मायेला वाव मिळाला. शिंका थांबल्या नाहीत. मग जंतूंवरच्या गोळ्या आल्या. जेथे जंतू नाहीत तेथे त्या काय करणार? पुढे एका गावच्या एका दवाखान्यात, नाव घेण्याचे कारण नाही, आम्हांस एक सुई टोचण्यात आली. तिसऱ्या दिवशी नाक मोकळे! आम्ही त्या डॉक्टरांचे पाय धरावयाचे तेवढे बाकी राहिले. दर भाद्रपदात आम्ही ती सुई घेऊ लागलो. चौथ्या की पाचव्या वर्षी रक्तातील साखर वाढलेली निघाली, तेव्हा दुसऱ्या एका तज्ज्ञाने सांगितले की ती सुई अंगात आठवडेच्या आठवडे मुरत राहणाऱ्या स्टेरॉइडची होती. ती साखर वाढविते, रक्तदाब वाढविते, हाडे ठिसूळ करते, शरीराची स्वतःची व्यवस्था झोपवते. परागज्वरासाठी ती देऊ नये असे आजचे वैद्यक सांगते. आपल्या बाजारपेठांच्या गावांतून "पडशाची सुई" म्हणून ती अजूनही मागून घेतली जाते, आणि मागणारे आपणच असतो.

खरे औषध कोणते मग? गोळीपासून आरंभ करू. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत दानिएल बोव्हे याने 1937 साली हिस्टामाइनला अडविणारे पहिले द्रव्य शोधले. 1957 साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. त्या वंशातील जुन्या गोळ्या, ज्यांत आपल्या खेड्यापाड्यांत घरोघर ठाऊक असलेली एव्हिल येते, मेंदूत शिरून झोप आणतात. ती खाऊन उसाचा ट्रॅक्टर हाकणे हे दारू पिऊन हाकण्यासारखेच. 1980 नंतर सेटिरिझीन, लोराटाडीन आणि मागाहून फेक्सोफेनाडीन आली; त्यांनी झोप फार कमी येते. गोळी खाज आणि शिंक आवरते, चोंदलेले नाक मात्र तिला फारसे जुमानत नाही.

चोंदलेल्या नाकाला खरा उतारा म्हणजे नाकात मारावयाचा स्टेरॉइडचा फवारा. स्टेरॉइड म्हटल्यावर, आत्ताच सुईची कथा ऐकलेले श्रोते दचकतील. पण फवाऱ्यातील मात्रा अतिशय थोडी, ती नाकातच काम करते आणि अंगात नाममात्र भिनते. आजच्या वैद्यकात, त्रास मध्यम किंवा जास्त असेल तर हेच पहिले औषध मानतात. त्याची एक खोड आहे: ते उठल्यासुटल्या चालत नाही. मोसम सुरू होण्यापूर्वी आठ-पंधरा दिवस आरंभ करावा आणि मोसमभर रोज मारावे. पहिल्या दिवशी काहीच वाटत नाही, म्हणून निम्मे लोक बाटली फडताळात टाकतात. मारताना मान किंचित खाली, उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत, आणि टोक मधल्या पडद्याकडे नव्हे, कानाच्या दिशेला. पडद्यावर मारले तर रक्त येते. नाक क्षणात उघडणारे जे थेंब दुकानात सहज मिळतात त्यांच्या नादी चार-पाच दिवसांपेक्षा अधिक लागू नये. नंतर नाक त्या थेंबांशिवाय उघडतच नाही आणि रोगात रोग होतो.

नाक धुण्याचा उपाय आपला. हठयोगाच्या ग्रंथांत नेती आहे ती सुताची, दोरा नाकातून घालून तोंडातून काढण्याची. पाण्याची जलनेती ही तिची सौम्य बहीण, आणि नाकाच्या डॉक्टरांनी ती आता मनापासून पत्करली आहे. पाव लिटर पाण्यात अर्धा लहान चमचा मीठ. पाणी मात्र उकळून निववलेले असले पाहिजे. नळाचे किंवा विहिरीचे कच्चे पाणी नाकात घालू नये. क्वचित का होईना, त्यातून मेंदूला जीवघेणा रोग होतो. शेतातून आल्यावर तोंड, केस धुणे आणि कपडे बदलणे, तण काढताना नाकावर ओला रुमाल किंवा मुखपट्टी, हातात मोजे, मोटारसायकलवर चष्मा हे उपाय इतके साधे आहेत की ते कोणी औषधात धरीत नाही.

आणि शेवटचा उपाय सर्वांत जुन्या तत्त्वाचा. लंडनच्या सेंट मेरी रुग्णालयात लिओनार्ड नून याने 1911 साली, ज्या परागाने बाधा होते त्याचाच अर्क अगदी थोड्या मात्रेपासून वाढवीत टोचून रोग्याला त्याची सवय लावली. तो स्वतः दोनच वर्षांनी क्षयाने वारला. त्याचे काम सहकारी फ्रीमन याने पुढे नेले. ही लस आजही देतात. ती तीन ते पाच वर्षे चालते, टोचल्यावर अर्धा तास दवाखान्यातच बसावे लागते, कारण क्वचित जोराची प्रतिक्रिया येते. कोणत्या परागाचे वावडे आहे ते चाचणीने नक्की केल्यावाचून ती घेण्यात अर्थ नाही. सर्वांना ती लागत नाही आणि सर्वांना परवडतही नाही. पण शिंकांच्या जोडीला रात्री छातीत घरघर सुरू झाली असेल, तर तो मनुष्य पडशाचा रोगी राहिला नाही. नाक आणि छाती ही एकाच वाटेची दोन टोके आहेत. वरच्या टोकाकडे दुर्लक्ष केले की आग खाली सरकते. अशाने दम्याच्या तज्ज्ञाकडे जावे, आणि मिरजेसारखे वैद्यकाचे माहेर आपल्या दाराशी असता जाण्याची टाळाटाळ करू नये.

झाडाविरुद्धची लढाई हा या इतिहासाचा दुसरा अर्धा भाग. कर्नाटकाने 1975 साली गाजर गवताला कायद्याने उपद्रवी तण ठरविले. 1984 साली मेक्सिकोहून आणलेले भुंगेरे बंगळूरजवळ सोडण्यात आले. त्याची अळी आणि भुंगेरा दोन्ही याची पाने कुरतडतात. पुढे नव्वदीच्या दशकात ते सूर्यफुलावर दिसल्याने ओरड झाली आणि सरकारी चौकशी बसली; पण त्यांनी सूर्यफुलाचे पीक बुडविले नाही. आज आपल्याकडेही पावसाळ्यात चाळणी झालेली पाने दिसतात ती त्यांचीच करणी. मात्र पाऊस सरला की भुंगेरे मातीत दडून बसतात आणि पाटावरचे गाजर गवत पुन्हा निर्धास्त होते. धारवाडकडील अभ्यासकांनी टाकळ्याच्या जातीची झुडपे पेरून त्याला हुसकावता येते असे दाखविले. टाकळा दाट वाढून त्याची जागा अडवितो, आणि त्याच्या पानांची भाजीही होते.

जबलपूरच्या तणसंशोधन संस्थेच्या प्रेरणेने दर वर्षी 16 ते 22 ऑगस्ट हा गाजर गवत निर्मूलनाचा सप्ताह पाळतात. शाळांची मुले रांगेने जाऊन ते उपटतात, छायाचित्रे निघतात. हेतू चांगला आहे. पण आपल्या जिल्ह्यांपुरता हिशेब मांडून पाहा. मृगाचा पाऊस जूनच्या मध्यास पडतो. त्या ओलीवर उगवलेले झाड चार-सहा आठवड्यांत, म्हणजे जुलैअखेरीस, फुलावर येते. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात आपण उपटतो ते पराग उधळणारे झाड, आणि तेही मुलांच्या उघड्या हातांनी. नगरपालिकेची गवत कापण्याची निविदा तर गणपतीच्या तोंडावर निघते. आषाढी एकादशीच्या मागेपुढे, माती ओली असताना आणि झाड वीतभर असताना, मोजे घालून मुळासकट काढले तर त्या वर्षीचा पराग हवेत जातच नाही. यंदा आम्ही आमच्या आळीत तसे करून पाहणार आहोत. जागा ओढ्याकाठची, शंभर पावलांची आहे. फावडी आमच्याकडे आहेत, मोज्यांचे जोड मात्र दहाच आहेत.